नोंद न ठेवता हँग होणारा पीसी

आमचा पीसी फक्त गेम खेळताना हँग व्हायचा. एरवी ब्राउझर, ऑफिसच्या मीटिंगा, सिनेमे, कशातच त्याची कुरकुर नव्हती. मी किंवा माझ्या धाकट्या भावाने एखादा मोठा ओपन वर्ल्ड गेम सुरू केला की मात्र कधी वीस मिनिटांत, कधी दीड-दोन तासांनी पडदा आहे तिथेच थिजायचा. चित्र जसंच्या तसं, स्पीकरमधून शेवटच्या आवाजाचा टर्रर्र असा अखंड घोष, पंखे चालू, दिवे चालू, आणि माउस-कीबोर्ड ठार. पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय त्यातून बाहेर पडता यायचं नाही.

यावर सल्ले भरपूर मिळतात. ड्रायव्हर बदला, विंडोज पुन्हा टाका, थर्मल पेस्ट नवी लावा, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदला, रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जमध्ये) अमुक आकडा टाका. यातला प्रत्येक उपाय कुणाला ना कुणाला लागू पडलेला असतो. आपल्या पीसीला काय झालंय ते मात्र त्यातून कळत नाही, आणि पाच उपाय एकदम केले तर बरा झालेला पीसी कशाने बरा झाला हेही कळत नाही. मला कारण हवं होतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहून ठेवायची, असं ठरवलं. “ताई, परत गेला,” अशी हाक आली की मी वही घेऊन जायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, किती वेळ चालला होता आणि त्या क्षणी गेममध्ये काय चाललं होतं.

सगळ्यात आधी हे हँग होणं नेमकं कुठल्या प्रकारचं आहे ते पाहिलं. नुसता गेम बंद पडून डेस्कटॉप दिसत असेल, तर विंडोज शाबूत असतं. संशय गेमवर, ड्रायव्हरवर किंवा मेमरीवर जातो. निळा पडदा आला तर विंडोजला काहीतरी बिनसल्याचं कळलेलं असतं आणि जाता जाता ते एक कोड सोडून जातं. पीसी खाडकन बंद पडत असेल किंवा आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर वीजपुरवठा आणि अतोनात तापणं हे दोन आधी तपासायचे. दोन-चार सेकंद अडकून गेम पुन्हा पुढे सरकत असेल तर डिस्क, नव्याने तयार होणारे शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) किंवा मागे चालू असलेला एखादा प्रोग्रॅम. आणि सगळं एका क्षणात थांबतं नि काहीच परत येत नाही, हा आमचा प्रकार. यात हाताला सगळ्यात कमी पुरावा लागतो.

सिस्टीम खरोखर पूर्ण थांबली आहे का, हे ठरवायला मी तीन चाचण्या करायचे. पहिली कॅप्स लॉकची. तो दिवा कीबोर्ड स्वतःच्या मनाने लावत नाही. की दाबल्याचं विंडोजला कळतं आणि मग विंडोज कीबोर्डला दिवा लावायला सांगतं. गेम थिजल्यावरही दिवा लागत-विझत असेल तर आत सिस्टीम जिवंत आहे, फक्त चित्र अडकलंय. दुसरी, विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार की एकदम दाबायच्या. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, बारीकशी बीप येते आणि पडदा क्षणभर काळा होतो. तिसरी, घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून या पीसीला पिंग करायचं, म्हणजे नेटवर्कवरून ‘आहेस का’ असं विचारायचं. पीसी नीट चालू असताना पिंगला उत्तर येतंय याची खात्री आधीच करून ठेवायची, नाहीतर फायरवॉलच उत्तर अडवत असते आणि आपण भलताच निष्कर्ष काढतो.

आमच्याकडे दिवा हलला नाही, बीप आली नाही, पिंगला उत्तर नाही. त्या टर्रर्र आवाजालाही अर्थ होता. साउंडची चिप मेमरीतल्या एका छोट्या कप्प्यातून आवाज उचलत असते आणि प्रोसेसर तो कप्पा सतत भरत असतो. प्रोसेसरने भरणं थांबवलं तरी चिप थांबत नाही, ती तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहते. म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या पलीकडे, प्रोसेसरपर्यंत सगळं कामकाज ठप्प झालं होतं.

पीसी परत सुरू झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम, उघडला. तिथे लाल खुणेसह कर्नल-पॉवर ४१. ही नोंद पाहून बरेच जण थेट नवा एसएमपीएस घ्यायला निघतात. तिचा अर्थ एवढाच आहे, की मागच्या खेपेला पीसी रीतसर शटडाउन न होता बंद झाला. बटण दाबून मीच बंद केला होता, तेव्हा ती येणारच. कामाची गोष्ट त्या नोंदीच्या तपशिलात असते: बगचेक कोड, म्हणजे निळा पडदा सोडून जातो तो कोड. आमच्याकडे तो दर वेळी शून्य, म्हणजे निळा पडदा दाखवण्याइतकीही उसंत विंडोजला मिळाली नव्हती. मग ४१ च्या आधीची दोन-चार मिनिटं ओळीन् ओळ वाचली. तिथे ४१०१ क्रमांकाची नोंद असती तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडखळला होता असं म्हणता आलं असतं. व्हिस्टापासून विंडोज ग्राफिक्स कार्डाला उत्तर द्यायला दोन सेकंद देतं आणि तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर रिसेट करतं. हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नोंदी असत्या तर प्रोसेसरकडे किंवा कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या जोडणीकडे बोट गेलं असतं. १२९ असती तर डिस्ककडे. यातलं एकही नव्हतं. हा कोरेपणा मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिला, कारण बिघाड असा आहे की जो पीसीला स्वतःलाच कळत नाही, ही त्यातून मिळालेली पहिली ठोस माहिती होती.

तापमानाचा मुद्दा लवकर निकाली निघाला. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान वगैरे दाखवणारा प्रोग्रॅम मागे चालू ठेवून त्याच्या नोंदी फाइलमध्ये साठवायला लावल्या, म्हणजे पीसी थिजला तरी शेवटच्या सेकंदापर्यंतचे आकडे हाती राहतात. प्रोसेसर सत्तरच्या घरात, ग्राफिक्स कार्ड पंचाहत्तरच्या आसपास. दोन्ही आपापल्या मर्यादेच्या खूप खाली. शिवाय आजचे प्रोसेसर आणि कार्डं तापली की आधी वेग कमी करतात आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर पीसी बंद करतात. गेम आधी रखडत, मग पीसी बंद, असा क्रम आमच्याकडे कधीच नव्हता. तरी कॅबिनेट उघडून धूळ काढली, सगळे पंखे फिरतायत ना ते पाहिलं आणि पुढे गेले.

बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, अपडेट करताना प्रोसेसर कुठल्या पिढीचा आहे तेही पाहून घेतलं. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत असं उघड झालं, की काही परिस्थितीत त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं आणि त्याने ते हळूहळू खराब होत होते. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून बायोसमार्फत नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) आला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली गेली. पण आधीच खराब झालेला प्रोसेसर त्या अपडेटने बरा होत नाही. त्या लोकांना अनेक गेममध्ये येणारा संदेश होता व्हिडिओ मेमरी संपल्याचा, आणि दोष होता प्रोसेसरमध्ये. पडद्यावर येणारा एरर चुकीच्या पार्टकडे बोट दाखवू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आमचा प्रोसेसर त्या पिढ्यांमधला नव्हता.

मग वीज. ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत आणि आठ पिनच्या प्रत्येक जोडणीतून १५० वॅटपर्यंत वीज घेता येते. आमच्या कार्डाला अशा दोन जोडण्या आहेत आणि दोन्ही एकाच केबलच्या दोन टोकांवर होत्या. त्या दोन स्वतंत्र केबलींवर घेतल्या. काही फरक नाही. मग आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणली, आणि इथे पहिल्यांदा काहीतरी हललं. पीसी हँग व्हायचा, पण खूप उशिरा. जिथे सरासरी तासाभरात थिजायचा तिथे आता संध्याकाळ निघून जायची. हे पाहिल्यावर कुणीही एसएमपीएसच म्हणेल, कारण कार्डाची मागणी क्षणार्धात दुपटीपर्यंत उसळते आणि जुना किंवा दुबळा एसएमपीएस त्या उसळीला पुरा पडत नाही. मात्र एक गोष्ट जुळत नव्हती. वीज कमी पडली की पीसी सहसा बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो; पंखे आणि दिवे चालू ठेवून, टर्रर्र करत तो उभा राहत नाही. एका मित्राने त्याचा मोठ्या क्षमतेचा एसएमपीएस उसना दिला. तो जोडला, वीजमर्यादा पुन्हा शंभर टक्के केली, आणि पीसी आधीसारखाच थिजला. एसएमपीएस सुटला. मग वीज कमी केल्यावर फरक का पडला, हा प्रश्न मी वहीत चौकट करून ठेवला.

ड्रायव्हरचं प्रकरण सांगण्यासारखं आहे, कारण तिथेच आमचा शोध थांबण्याची सगळ्यात जास्त शक्यता होती. इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये जाऊन, डीडीयू या साधनाने जुना ड्रायव्हर मुळापासून काढला. इंटरनेट तोडायचं, कारण नाहीतर आपण नवा टाकण्याआधीच विंडोज स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर बसवतं. मग काही महिने जुना, बऱ्याच लोकांना चांगला चाललेला ड्रायव्हर टाकला. त्या संध्याकाळी पीसी थिजला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. भाऊ म्हणाला, “झालं बघ ताई, ड्रायव्हरच होता.”

मी त्याला वहीतले आकडे दाखवले. कधीही, कुठल्याही क्षणी येणारा बिघाड सरासरी तासाला एकदा येत असेल, तर काहीही दुरुस्त न करताही एक तास निर्विघ्न जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. दोन तास जाण्याची साडेतेरा टक्के. तीन तास जाण्याची पाच टक्के. म्हणजे बिघाडाच्या सरासरी अंतराच्या किमान तिप्पट वेळ सलग नीट गेल्याशिवाय उपाय लागू पडला असं म्हणायचंच नाही, आणि तेव्हाही वीसात एकदा नशिबाने फसवलेलं असू शकतं. आम्ही त्या दोन संध्याकाळी मिळून जेमतेम दोन तास खेळलो होतो. पुढच्या वेळी गेम मुद्दाम लांबवला आणि तो थिजला. त्या दिवसापासून प्रत्येक बदलाला मी तिप्पट वेळ दिला, आणि मला वाटतं सगळ्या शोधात उपयोगी पडली ती हीच एक शिस्त. अनेकांचे पीसी अशा उपायांनी बरे झाल्याचं आपण वाचतो. त्यातले किती जण तिप्पट वेळ थांबले होते, असं मला तेव्हापासून नेहमी वाटतं.

डिस्कवर फार वेळ गेला नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीची तब्येत उत्तम होती, गेम दुसऱ्या ड्राइव्हवर हलवून पाहिला, थिजणं तसंच.

पण डिस्क तपासतानाच खरा धागा हाती लागला. गेमच्या लाँचरमध्ये फाइलींची तपासणी करण्याची सोय असते. प्रत्येक फाइल वाचून तिचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक, मूळ हॅशशी जुळवला जातो. पीसी थिजल्यावर लगेच ही तपासणी लावली, तर एक फाइल खराब निघाली. लाँचरने ती पुन्हा डाउनलोड केली. गेम खेळला, थिजला, परत तपासणी, आता दुसरीच फाइल खराब. पहिली फाइल या वेळी एकदम बरोबर. भाऊ म्हणाला, एसएसडीच जात असणार. मी गेमला हात न लावता पीसी रात्रभर बंद ठेवला आणि सकाळी पीसी गार असताना, दुसरं काहीही सुरू करण्याआधी, तीच तपासणी लावली. सगळ्या फाइली बरोबर. मग तासभर गेम चालवून लगेच तपासणी. एक फाइल खराब, आणि तिसरीच. डिस्कवर लिहिलेलं खराब असतं तर ते सकाळीही खराबच दिसलं असतं. फाइल डिस्कवर ठीक होती; वाचून मेमरीत आणल्यावर तिच्यात कुठेतरी फरक पडत होता, आणि तो पीसी गरम असतानाच पडत होता.

म्हणून मेमरी तपासणारा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घेतला, त्यावरून पीसी सुरू केला आणि रात्रभर चालू दिला. सकाळी पाहिलं तर एकही चूक नाही. या टप्प्यावर बहुतेक जण मेमरीच्या नावावर फुली मारतात आणि पुढच्या पार्टकडे वळतात. मला मात्र ती गरम-गारची गोष्ट सोडवत नव्हती. मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड जवळजवळ झोपलेलं असतं. कॅबिनेट गार असतं. गेम चालू असताना तेच कार्ड दोनशेच्या वर वॅट उष्णता बाहेर टाकतं, आणि आमच्या कार्डासारखे उघडे पंखे असलेली कार्डं ती उष्णता कॅबिनेटच्या आतच सोडतात. ती गरम हवा वर चढते, आणि वरच्या बाजूला प्रोसेसरशेजारी रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन स्टिका उभ्या असतात. आमच्या स्टिकांना तापमानाचा सेन्सर आहे. तो आकडा एचडब्ल्यूइन्फोच्या लांबलचक यादीत खाली कुठेतरी असतो आणि तोवर मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, कारण कुठल्याही सल्ल्यात त्याचा उल्लेख नव्हता. साठवलेल्या फाइलमध्ये तो शोधला. नुसता पीसी चालू असताना ३८ अंश. गेममध्ये तासाभराने ५७.

मग चाचणीच बदलली. विंडोजमध्येच चालणारी मेमरीची चाचणी सुरू केली आणि शेजारच्या खिडकीत ग्राफिक्स कार्डाला पूर्ण भार देणारा एक थ्रीडी देखावा फिरत ठेवला. तिसऱ्या खिडकीत रॅमचं तापमान. चाळीस, चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस, चुकांच्या रकान्यात शून्य. ५३ ला शून्याचा एक झाला आणि अक्षरं लाल झाली. ५५ ला सात. त्यानंतर आकडा थांबेचना. मी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढलं आणि टेबल फॅन थेट रॅमवर सोडला. तापमान हळूहळू पन्नासच्या खाली आलं आणि चुका वाढायच्या थांबल्या. फॅन बंद केला, पुन्हा सुरू झाल्या. भाऊ शेजारी उभा होता; त्याने फॅनचं बटण स्वतः दोनदा चालू-बंद करून पाहिलं. इतक्या दिवसांत न दिसलेला बिघाड आता बटण दाबून आणता येत होता आणि घालवता येत होता.

हे का होतं ते समजून घेतलं तर बाकी सगळ्या विचित्र गोष्टी जागच्या जागी बसतात. रॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून प्रत्येक ओळ ठरावीक काळात पुन्हा भरावी लागते. डीडीआर४ या प्रकारच्या रॅममध्ये हा काळ ६४ मिलिसेकंद आहे. उष्णता वाढली की गळती वाढते. म्हणूनच ८५ अंशांच्या पुढे हा काळ निम्मा, ३२ मिलिसेकंद, करावा लागतो. चांगली स्टिक ५७ अंशांना काहीच होऊ न देता चालते. पण एखादी स्टिक मुळात काठावर असेल आणि तिला जास्त वेगाने पळवलं जात असेल, तर तिथे थोडी उष्णताही पुरते. आमची रॅम डीडीआर४, ३६०० वेगाची. डीडीआर४ चं प्रमाण ३२०० पर्यंतच आहे, व्होल्टेज १.२; त्यापुढचा वेग एक्सएमपी नावाच्या प्रोफाइलमधून येतो, सहसा १.३५ व्होल्टवर. खोक्यावर छापलेला वेग हा एक्सएमपीचा वेग असतो, आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं नाही तर तीच रॅम २१३३ वगैरे वेगाने चालते.

आणि नोंद कोरी का राहायची? सर्व्हरमध्ये ईसीसी मेमरी असते; तिच्यात बिट उलटला तर तो पकडला जातो, बहुधा दुरुस्तही होतो आणि त्याची नोंद होते. घरच्या पीसीत ती सहसा नसते. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत दुरुस्तीची थोडी सोय आहे, पण ती पूर्ण ईसीसीची जागा घेत नाही. आमच्या पीसीत एका शून्याचा एक झाला तर प्रोसेसरला तो एकच वाटतो. तो बिट एखाद्या भिंतीच्या टेक्श्चरमध्ये असेल तर एक ठिपका वेगळ्या रंगाचा दिसेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. आवाजात असेल तर एक टिक. गेमच्या कोडमध्ये असेल तर गेम डेस्कटॉपवर फेकला जाईल. विंडोजच्या गाभ्यात, नेमक्या वाईट जागी असेल तर सगळंच थांबेल आणि कुणी काही लिहून ठेवणार नाही. दिवसभराच्या कामात रॅम गार असायची आणि अर्धी रिकामी असायची. गेम तिला भरतोही आणि तापवतोही.

चौकटीतल्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. कार्डाची वीज ७० टक्के केली तेव्हा त्याची उष्णता कमी झाली, रॅम पन्नासच्या आसपास राहिली, म्हणून पीसी उशिरा थिजायचा. एसएमपीएसचा त्यात काही संबंध नव्हता.

आता खात्री करायची होती. बायोसमध्ये एक्सएमपी बंद केलं. तीच दुहेरी चाचणी कित्येक तास चालवली, एकही चूक नाही. गेम खेळलो, तिप्पट वेळ कधीच उलटून गेला, पीसी थिजला नाही. भावाच्या दृष्टीने काम झालं होतं. मी एक्सएमपी पुन्हा चालू केलं. त्याला ते अजिबात पटलं नाही, पण उपाय काढून घेतल्यावर बिघाड परत येतो का हे पाहिल्याशिवाय मला ते मान्य नव्हतं. तो आला, त्याच संध्याकाळी.

राहिला प्रश्न, दोष स्टिकचा, स्लॉटचा की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचा. इथे काम सावकाश करायचं. पीसी बंद, एसएमपीएसच्या मागचं बटण बंद, प्लग काढलेला, पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज संपवलेली, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातला स्थिर भार घालवलेला. आमच्या मदरबोर्डला खटका स्लॉटच्या एकाच टोकाला आहे. तो उघडून स्टिक सरळ वर ओढायची. बसवताना खालची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवायची आणि दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबायचं, खट् असा स्पष्ट आवाज येईपर्यंत. स्टिक अर्धवट बसली तर पीसी सुरू होत नाही किंवा, जास्त वाईट म्हणजे, सुरू होतो आणि अधूनमधून चुकतो. दोन स्टिका असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा हे स्लॉट वापरायचे असतात; आमच्या तिथेच होत्या.

दोन्ही स्टिकांवर पेन्सिलीने खूण केलेले कागदाचे तुकडे चिकटवले. पहिली स्टिक एकटी, दोन्ही स्लॉटमध्ये आळीपाळीने, एक्सएमपी चालू, कार्डावर पूर्ण भार. स्वच्छ. दुसरी स्टिक एकटी, त्याच पद्धतीने. दोन्ही स्लॉटमध्ये चुका. स्लॉट बदलला तरी दोष स्टिकबरोबर गेला, म्हणजे मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही सुटले. याउलट कुठलीही स्टिक एकाच ठरावीक स्लॉटमध्ये चुकली असती तर मी मदरबोर्डकडे पाहिलं असतं, आणि एकेकट्या दोन्ही नीट चालून फक्त जोडीने चुकल्या असत्या तर मेमरी कंट्रोलरकडे. तेव्हा कदाचित वेग ३६०० वरून ३२०० वर आणूनच भागलं असतं, आणि गेममध्ये तो फरक फारसा जाणवलाही नसता.

रॅम वॉरंटीत होती. जोडी म्हणून विकलेली असल्यामुळे दोन्ही स्टिका परत कराव्या लागल्या. अर्जाबरोबर मी चारही चाचण्यांचे फोटो जोडले, प्रत्येकात स्टिकची खूण, स्लॉट, तापमान आणि चुकांचा आकडा दिसेल असे. त्यावर एकही उलटा प्रश्न आला नाही. नवी जोडी आल्यावर आधी मेमटेस्ट, मग कार्डावर भार देऊन विंडोजमधली चाचणी, रॅम ५८ अंशांपर्यंत गेली आणि रकाना शून्यावरच राहिला. तरी कॅबिनेटच्या वरच्या बाजूला गरम हवा बाहेर फेकणारा एक पंखा वाढवला, त्याने रॅमचं तापमान सहा-सात अंशांनी उतरलं.

इथे बहुतेक जण थांबतात, पण एक काम उरलेलं असतं. खराब रॅम असताना जे काही डिस्कवर लिहिलं गेलं ते त्याच रॅममधून गेलेलं असतं. विंडोजची अपडेट्स, गेमच्या फाइली, आणि आपली स्वतःची कागदपत्रं नि फोटो. मी आधी डिझम आणि मग एसएफसी ही विंडोजचीच दुरुस्तीची साधनं चालवून विंडोजच्या फाइली तपासल्या. काही खराब निघाल्या आणि दुरुस्त झाल्या. लाँचरमधून सगळ्या गेमची तपासणी लावली. शेवटी त्या काळात बॅकअप ड्राइव्हवर कॉपी केलेले फोटो आणि व्हिडिओ. फोनमधल्या मूळ फाइली अजून पुसल्या नव्हत्या, त्यामुळे पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅश या आज्ञेने दोन्हीकडचे हॅश काढून जुळवता आले. जवळजवळ सगळे जुळले. एका लांब व्हिडिओचा हॅश वेगळा निघाला. उघडला तर तो व्यवस्थित चालला, फक्त मधे एका ठिकाणी अर्धा सेकंद चित्राचे चौकोन झाले. तो फोनवरून पुन्हा कॉपी केला, हॅश जुळला, आणि मगच फोन रिकामा केला.